१७ किलोचं काढलं, ९ किलोचं बसवलं

खोकं दारातून आत येईना. तिरकं करून, आडवं करून, शेवटी चौकटीला दोनदा घासून ते बैठकीत आणलं, तेव्हा आईने विचारलं, "पलंग मागवलायस का?" मी म्हटलं, बोनेट आहे. आई म्हणाली, "गाडीला आहे की एक."

एक होतं, हे खरंच. पण त्याच्या पुढच्या कडेला, जिथे वरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो, तिथे गंज बसला होता. त्या दुमडीत पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नसते. मी दोनदा घासून, प्रायमर मारून, रंग लावून बघितलं होतं. दोन्ही वेळा सहा-आठ महिन्यांत रंगाखाली फोड आले. गाडी १३ वर्षांची. सरळ उपाय म्हणजे दुसरं पोलादी बोनेट आणायचं आणि रंगवून घ्यायचं. तो मला माहीत होता. पण कार्बन फायबरचं काळं, विणकाम दिसणारं बोनेट आपल्या गाडीवर असावं ही हौस कॉलेजपासूनची. गंज हे निमित्त झालं. वजन कमी होईल, गाडी चपळ वळेल वगैरे कारणं मी बाबांसाठी तयार ठेवली होती.

बाबा आयुष्यभर फिटर होते. त्यांनी खोक्यातून दिसणाऱ्या कोपऱ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "प्लास्टिक."

मग मी सुरू झाले. हा धागा केसापेक्षा दहापट बारीक, पाच ते सात मायक्रॉनचा. असे तीन-तीन हजार धागे एकत्र करून एक पट्टी होते, तिला थ्री-के म्हणतात, आणि त्या पट्ट्यांचं हे कापड विणलेलं. त्यात इपॉक्सी रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारी चिकट राळ, मुरवून साच्यात घट्ट केलेलं. मॅक्लारेनने १९८१ साली फॉर्म्युला वनमध्ये अख्खा सांगाडाच कार्बनचा केलेली गाडी उतरवली. निस्सानने २००० मध्ये स्कायलाइन जीटी-आर गाडीच्या व्ही-स्पेक टू या आवृत्तीला कारखान्यातूनच कार्बनचं बोनेट दिलं. पोलाद घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम २.७, आणि हे जेमतेम १.६.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं. वजन कर."

वजनकाटा आणला, माणसाचा. आधी मी एकटी उभी राहिले, मग बोनेट धरून. फरक ८.९ किलो. विकणाऱ्याने साडेसहा सांगितले होते. बोनेट उलटं केल्यावर कारण दिसलं. वरची कातडी कार्बनची, पण खालचा फासळ्यांचा सांगाडा काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, काळा रंग मारलेला. बाजारात 'कार्बन बोनेट' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं असंच असतं. त्यात फसवणूकच असते असं नाही, काचतंतूचा सांगाडा स्वस्त पडतो आणि काम देतो. पण दोन्ही बाजूंनी कार्बन हवं असेल तर ते आधी स्पष्ट विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं.

खोकं फोडल्यावर लगेच बसवायला घेऊ नये, एवढं मला समजत होतं. एकदा भोक पाडलं की माल परत जात नाही. म्हणून पहिली संध्याकाळ नुसती तपासण्यात गेली. चारही कोपरे आधी बघितले, कारण वाहतुकीत मार बसतो तो कोपऱ्यांना. मग दिवा तिरका धरून क्लिअर कोटमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत का ते बघितलं. पाच-सहा होती, सगळी मागच्या कडेला, वायपरखाली झाकली जाणारी. आणि मग नाणं घेऊन ठोकणं. हे बाबांनी नाही, मी त्यांना शिकवलं, आणि ते त्यांना एवढं आवडलं की पुढचा अर्धा तास नाणं त्यांच्याकडेच होतं. नाण्याच्या कडेने हलकं टक-टक करत बोनेटभर फिरायचं. थर नीट चिकटलेले असतील तिथे आवाज खणखणीत येतो. मध्ये हवा राहिली असेल, थर सुटले असतील, तिथे तो बसका येतो, ओल्या लाकडासारखा. डाव्या बिजागरीच्या जरा पुढे नाण्याएवढाच एक भाग बसका निघाला. बाबांनी त्याभोवती पेन्सिलने गोल केला. बिजागरीचे बोल्ट येतात तिथे तो असता तर मी खोकं परत बांधलं असतं. तसा नव्हता, म्हणून ठेवलं. तो गोल अजून तिथे आहे.

जुनं काढणं हे खरं तर काहीच काम नाही. काचेवर पाणी मारायच्या नळीचा जोड सुटा केला, खालच्या आवरणाच्या प्लास्टिक क्लिपा काढल्या. अकरापैकी चार तुटल्या, त्या तुटतातच. अलार्मसाठी बोनेट उघडं आहे की बंद हे सांगणारा स्विच माझ्या गाडीत लॅचजवळ, म्हणजे बोनेट अडकवून धरणाऱ्या खटक्याजवळ आहे, त्यामुळे त्याला हात लावावा लागला नाही. बिजागरीला दोन्हीकडे दोन-दोन बोल्ट, १२ नंबरचा सॉकेट. बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीच्या पट्टीभोवती मार्करने रेघ ओढून ठेवली आणि वर फोटो काढला. ती रेघ पुढे नव्या बोनेटसाठी कामाला आली नाही, पण जुनं परत चढवायची वेळ आली असती तर तिच्यावाचून दोन तास गेले असते.

एक चूक मात्र इथेच झाली. काचेच्या बाजूला मी जाडजूड चादर घातली होती. बोनेटचा मागचा कोपरा सुटला की काचेवर आपटतो आणि काच जाते, असं सगळेच सांगतात. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या बाजूच्या पत्र्याच्या, टोकाचा विचार केला नाही. शेवटचा बोल्ट निघाला, माझ्या बाजूला बोनेट दोन बोटं खाली बसलं आणि त्याच्या कोपऱ्याने फेंडरचा रंग पत्र्यापर्यंत उडवला. तांदळाच्या दाण्याएवढा. बाबा पलीकडून म्हणाले, "आवाज कसला?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना अर्थातच कळलं. मास्किंग टेपचे तीन थर फेंडरच्या कडेला दोन मिनिटांत लागतात, आणि ते लावायचे असतात ते बोल्टला पाना लावायच्या आधी.

जुन्याचंही वजन केलं. १७.४ किलो. म्हणजे वाचले साडेआठ. गाडीच्या टनभर वजनात साडेआठ किलो म्हणजे किती ते प्रत्येकाने आपलं बघावं. पुढच्या चाकांच्या वर आणि पुढे, शिवाय उंचावर असलेलं वजन कमी होतं, हे खरं. ते मला चालवताना जाणवलं असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल.

नवं बोनेट उचलायला एकटी पुरेशी होते, तरी दोघांनीच उचलावं. हलकं असलं तरी पसरट असतं, आणि वारा आला तर पतंग होतो. बाबा एका बाजूला, मी एका बाजूला, आणि चारही बोल्ट आधी नुसते हाताने फिरवून अर्धे आत. इथे घाई करून पाना मारायचा नाही. पोलादी बोनेटमध्ये नट पत्र्याला वितळवून जोडलेले असतात. इथे ते रेझिनमध्ये रुतवून बसवलेले असतात. बोल्ट वाकडा शिरला आणि जोर लावला, तर पेच बिघडायच्या आधी अख्खा नट आतून उपटून फिरायला लागतो. मग तो धरायला आत हात जात नाही. गाडीच्या पुस्तकात बिजागरीच्या बोल्टसाठी दिलेला आवळण्याचा आकडा पोलादासाठी आहे, तो इथे लावू नये. बोनेटबरोबर आलेल्या कागदावर १२ न्यूटन मीटर लिहिले होते. मी टॉर्क पाना तेवढ्यावर लावला, खाली मोठ्या तोंडाचे वॉशर घातले आणि थांबले.

बोल्टबरोबर एक गोष्ट आणखी. कार्बन वीज वाहून नेतो, आणि ओलाव्यात दुसऱ्या धातूला चिकटून बसला की तो धातू खातो. अ‍ॅल्युमिनियमची गत सगळ्यात वाईट, साध्या पोलादाचीही बरी नाही. म्हणून नवे बोल्ट स्टेनलेसचे घेतले आणि बिजागरी व बोनेट यांच्यामध्ये पातळ नायलॉनचा तुकडा कापून घातला. बाबांना हे पटायला वेळ लागला नाही. तांब्याच्या नळीला लोखंडी नळी जोडली की काय होतं ते त्यांनी तीस वर्षं बघितलेलं होतं.

आता फटी. खरं काम इथून पुढे. बोनेट आणि फेंडर यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी, पुढून मागे सारखी, आणि वरून हात फिरवला तर दोन्ही पातळ्या सारख्या लागल्या पाहिजेत. ऐकायला एवढंच. बिजागरी आणि बोनेट यांच्यामधल्या बोल्टची भोकं लांबट असतात, त्यांनी बोनेट पुढे-मागे आणि थोडं डावी-उजवीकडे सरकतं. बिजागरी आणि गाडीच्या अंगामधले बोल्ट मागची उंची ठरवतात. पुढची उंची ठरते ती कोपऱ्यांतल्या रबरी टेकूंवर, ते फिरवून वर-खाली करायचे. एकाला हात लावला की बाकीचे दोन बिघडतात.

फट मोजायला माझ्याकडे फीलर गेज होता, पण तो एवढ्या मोठ्या फटीला पुरत नाही. बाबांनी पाकिटातून मुदत संपलेली बँकेची कार्डं काढली. हे कार्ड जगात कुठेही ०.७६ मिलिमीटर जाड असतं. पाच कार्डांची गड्डी म्हणजे जवळपास पावणेचार मिलिमीटर. ती फटीत घालून पुढून मागे ओढत न्यायची. अडकली तिथे फट कमी, खडखडली तिथे जास्त. सकाळी दहाला सुरुवात केली. उजवीकडे पाच कार्डं अलगद जात होती. डावीकडे पुढे सहा, मधे पाच, मागे तीन. मागे सरकवलं की डावं सुधारायचं आणि उजवं काचेकडे टोक काढायचं. दीड वाजता जेवायला बसलो तेव्हा आम्ही दोघं एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलत होतो.

जेवून आल्यावर बाबा म्हणाले, "बोनेट सोड. आधी गाडी सरळ आहे का बघ." आणि तेच होतं. १३ वर्षांत कधीतरी डावा फेंडर किंचित आत सरकलेला होता. जुनं बोनेट त्याच्याबरोबर जमवून घेत गेलं, म्हणून ते दिसत नव्हतं. फेंडरचे वरचे तीन बोल्ट सैल केले, दीड मिलिमीटर बाहेर ओढला, आवळला. अर्ध्या तासात डावीकडे पाच, पाच, चार. शेवटचा एक मिलिमीटर बोनेटच्याच कडेचा होता, साच्यातून आलेला. तिथे ओल्या पॉलिश पेपरने घासलं, आधी २४०, मग ६००, मग १५००. ओल्याने घासायचं कारण चकचकीतपणा नव्हे. कोरडं घासलं तर जी काळी धूळ उडते ती श्वासात जाऊ द्यायची नसते, आणि अंगावर बसली तर रात्रभर खाजते. घासलेल्या कडेला क्लिअर लाखेचा हात दिला, नाहीतर उघड्या धाग्यांतून पाणी आत चढतं.

आणि मग मी ती गोष्ट केली जी करू नये म्हणून सगळे सांगतात. फटी जमल्या या आनंदात बोनेट खाली आणलं आणि दाबलं. खट. बसलं. छान दिसत होतं. आत जाऊन लिव्हर ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. केबल ताणल्यासारखी वाटली, बोनेट हललं नाही.

बोनेटच्या खालच्या बाजूचा आकडा, म्हणजे स्ट्रायकर, लॅचमध्ये मधोमध न शिरता तीन मिलिमीटर डावीकडून शिरला होता आणि जबड्यात तिरका अडकला होता. पोलादी बोनेट असतं तर कडेला बोटं घालून हिसडा दिला असता. इथे हिसडा देणार कशाला? कडच तुटायची. मी ग्रिलमधून टॉर्च मारून बघत होते, बंपर काढावा लागेल का याचा हिशेब करत होते. बाबा म्हणाले, "तू आत बस. मी दाबतो, तू ओढ. मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडू नकोस." त्यांनी दोन्ही तळवे बरोबर लॅचच्या वर ठेवले, अंगाचा थोडाच भार टाकला, आणि दाबता दाबता बोनेट केसभर उजवीकडे ढकललं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्या वेळी सुटलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी उतरून आधी लॅचच काढून हातात घेतला.

क्रम हाच योग्य आहे. फटी जमवताना लॅच काढून बाजूला ठेवावा, म्हणजे चुकूनही अडकणार नाही. फटी जमल्या की तो परत चढवायचा, पण बोल्ट अर्धवट आवळून. बोनेट अलगद खाली आणायचं, म्हणजे स्ट्रायकर स्वतःच लॅचला आपल्या जागी ओढून घेतो. पुन्हा वर करायचं आणि मग बोल्ट आवळायचे. दुसरी कडी, म्हणजे लिव्हर ओढल्यावरही बोनेटला धरून ठेवणारी, ती स्ट्रायकरला नीट पकडते का हे वेगळं बघायचं. माझी पकडत होती.

बोनेट उचलून धरणारे गॅसचे दोन दांडे माझ्या गाडीत आहेत. तेच परत लावले. सोडल्याबरोबर बोनेट असं उसळलं की बिजागरीत ठण आवाज झाला. तेही चाललं असतं. पण खाली ओढताना बोनेटची मधली बाजू माझ्या हातात वाकली. दांडा खालून वर रेटतोय, मी पुढून खाली ओढतेय, आणि मधला पाटा धनुष्यासारखा. वाकणं डोळ्यांना दिसत होतं. ताबडतोब दोन्ही दांडे काढले. दांड्यावर ३५० न्यूटन असं छापलेलं होतं, ते १७ किलोच्या बोनेटसाठी. वजन निम्मं झालं तर दांड्याचा जोरही निम्म्यावर यायला हवा, एवढा साधा हिशेब मी आधी केला नव्हता. १८० न्यूटनची जोडी मागवली, ती येईपर्यंत दहा दिवस मोजून कापलेली लाकडी काठी वापरली. एकच जुना दांडा ठेवून काम भागवणारे असतात. त्याने बोनेट पिळवटतं, मी तसं करणार नाही.

पिनांबद्दल, म्हणजे बोनेटला पुढच्या कडेला वेगळं अडकवून धरणाऱ्या खिळींबद्दल, माझा आणि बाबांचा वाद झाला, आणि या वेळी मी हरले नाही. मी म्हणत होते, पिना हव्यात. त्यांचं म्हणणं, लॅच आहे, दुसरी कडी आहे, चांगल्या वस्तूला भोकं कशाला? मी कागदावर मांडलं. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब चौरस मीटरला ४७ किलोच्या भारासारखा असतो. त्यातला काही भाग ग्रिलमधून आत शिरून बोनेटला खालून ढकलतो, आणि वर, पुढच्या कडेपाशी, हवा बोनेटला वर ओढते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट. पोलादी बोनेट आपल्या वजनाने आणि ताठपणाने ते सोसतं. हे निम्म्या वजनाचं, आणि स्ट्रायकर रेझिनमध्ये रुतवलेल्या दोन नटांवर. तो उपटला तर लॅच बंदच राहील आणि बोनेट काचेवर येईल. बाबांनी कागद फिरवून घेतला, गुणाकार तपासला आणि म्हणाले, "भोकं मी पाडतो."

भोकाची जागा ठरवायला माझी लिपस्टिक गेली. पिना रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर बसवल्या, ताठ उभ्या, आणि त्यांच्या टोकांना लिपस्टिक फासून बोनेट हळूच टेकवलं. उचललं तर खाली दोन लाल ठिपके. दुसऱ्यांदा पुन्हा टेकवून तेच ठिपके येतात का ते बघितलं. उजवा आला, डावा दोन मिलिमीटर हलला, कारण पिन सैल होती. आवळून तिसऱ्यांदा. मग ठिपक्यातून तीन मिलिमीटरचं भोक, खालून वर.

इथे बाबांना बघायला हवं होतं. वरच्या बाजूला मास्किंग टेपचे दोन थर, खालीही. वरून लाकडाचा ठोकळा मी दाबून धरलेला, कारण बिट बाहेर पडताना शेवटचा थर फाटतो, आणि तो दिसणाऱ्या बाजूचा असतो. नवा कार्बाइडचा बिट. ड्रिलचा वेग जास्त, हाताचा दाब जवळजवळ नाही. "जाऊ दे त्याला त्याच्या चालीने," असं ते ड्रिलला सांगत होते की मला, कळलं नाही. व्हॅक्यूमची नळी मी दुसऱ्या हातात भोकाशेजारी धरली होती. दोघांच्या तोंडाला कापडाचा नव्हे, धूळ गाळणारा मास्क, डोळ्याला चष्मा. तीनचं भोक पडल्यावर वरून पायरीच्या बिटने वाढवत १३ पर्यंत. आणि भोक गोल ठेवलं नाही, पुढे-मागे दोन मिलिमीटर लांबट केलं. बोनेट बिजागरीवर फिरत खाली येतं, म्हणजे सरळ नाही, कमानीत येतं. गोल भोक पिनेला घासत बसतं. शेवटी कानात घालायच्या कापसाच्या काडीने भोकाच्या आतल्या कडेला पातळ इपॉक्सी. टेप उचलली तेव्हा कडेला एकही धागा उसवलेला नव्हता. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला, आणि पहिल्यांदाच त्या वस्तूला प्लास्टिक म्हणाले नाहीत.

अंगठा फिरवायला नको होता. कुसळ शिरलं. ते दिसत नाही, नुसतं टोचतं. आईने भिंग आणि चिमटा घेऊन वीस मिनिटांनी काढलं.

बाकीचं भराभर. पाणी मारायच्या नोझलची भोकं नव्या बोनेटला नव्हती, जुन्यावरून कागदाचा साचा काढून पाडली. खालच्या आवरणाच्या क्लिपांच्या जागा जुळल्या नाहीत, आवरण बसेना, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला गरम धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, बरोबर वर उष्णता परतवणारा चिकट पत्रा लावला. खोलीच्या तापमानाला घट्ट केलेलं रेझिन इंजिनाच्या उष्णतेने आणि वरच्या उन्हाने मऊ पडू शकतं, आणि एकदा मऊ होऊन वाकलं की थंड झाल्यावर तसंच राहतं. वर उन्हापासून सांभाळणारी पारदर्शक फिल्म लावून घेतली. इपॉक्सीला अतिनील किरण सोसत नाहीत. आधी पिवळं पडतं, मग दुधाळ.

एक गोष्ट मात्र मनात राहते. पोलादी बोनेटच्या आतल्या सांगाड्यात मुद्दाम काही जागा कमकुवत ठेवलेल्या असतात, म्हणजे समोरून धडक बसली तर ते मधोमध दुमडतं आणि काचेवर सरळ येत नाही. बाजारातल्या कार्बन बोनेटला तो विचार असेलच असं नाही, आणि कार्बन दुमडत नाही, फुटतो. माझी गाडी जुनी, फिरणं कमी, विम्याला बदल कळवला. नव्या गाडीला, आणि पादचाऱ्याला धक्का लागला की बोनेट स्फोटकाने वर उचलणारी यंत्रणा ज्यात असते तिला तर, मी हात लावला नसता.

पहिल्या फेरीला वेग ४०, मग ६०, मग ८०. प्रत्येक टप्प्याला थांबून पिना आणि कडा बघितल्या. ८० ला बोनेटचा मधला भाग अगदी किंचित थरथरतो, लक्ष देऊन बघितलं तरच दिसतो. बाबांनी बघितला. पुढचे दहा किलोमीटर ते रस्त्याकडे बघत नव्हते. रबरी टेकू अर्धा-अर्धा फेरा वर केल्यावर थरथर थांबली, कारण लॅच आता बोनेटला खाली ओढून टेकूंवर ताणून धरतो.

३०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. बिजागरीचा डावा मागचा पाव फेरा आवळला गेला, बाकीचे जागच्या जागी. बोनेट आता कोणी वरून सोडत नाही. खाली टेकवायचं, दोन्ही तळवे लॅचवर, दाबायचं, मग पिना. पेट्रोल भरायला थांबल्यावर कोणी मदतीला म्हणून बोनेटला हात घालायला आलं, तर मी धावत जाते.

जुनं बोनेट घराच्या मागच्या भिंतीला उभं आहे. त्याच्या बिजागरीच्या जागेवरची मार्करची रेघ पुसली नाही. एवढं घासूनही डावीकडची मागची फट चार कार्डांचीच आहे, उजवीकडची पाच. मला चालते. बाबांनी जुनी कार्डं टाकलेली नाहीत, ती ड्रिलच्या डब्यात रबरबँड लावून ठेवली आहेत.